छर्रे खाली पडताहेत? साइटच्या स्क्रूला लगेच हात लावू नका

१० मीटर एअर पिस्तुलाचे छर्रे सारखे सहाच्या काट्याकडे (म्हणजे सरळ खाली), सात-आठच्या रिंगेत पडायला लागले की हात आधी मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खाचेच्या) स्क्रूकडे जातो. माझाही जायचा. बहुतेक वेळा दोष बोटाचा निघतो.

१. वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवा (नळी नव्हे) आणि पाच छर्रे मारा. ग्रुप (पाचही छर्ऱ्यांचा पुंजका) मध्यात आला तर पिस्तूल ठणठणीत आहे.

२. मग ड्राय फायर मोडवर (छर्रा न भरता नुसता ट्रिगर चालवायचा) कोऱ्या भिंतीकडे वीस शॉट. लक्ष्य नकोच, नजर फक्त पुढच्या साइटवर. ट्रिगर सुटताना ती खाचेत खाली बुडाली, तर तुम्ही ट्रिगर हिसकताय. उजव्या हाताने मारणाऱ्याचे छर्रे तेव्हा बहुधा खाली-डावीकडे जातात. बुडणं थांबेपर्यंत छर्रा भरूच नका.

३. नेम धरताना पुढची साइट आणि लक्ष्याचा काळा गोल यांच्यात सोडलेली पांढरी फटही बघा. हात दमला की ती नकळत रुंदावते आणि छर्रा तेवढा खाली जातो.

४. टेकवूनही ग्रुप खालीच? मग मागची साइट वर घ्या. स्क्रूचे दोन क्लिक, पुन्हा पाच छर्रे. दोन रिंगांत ८ मिमी अंतर असतं, त्यावरून एका क्लिकचा हिशेब कळतो.

स्प्रिंगच्या पिस्तुलात मात्र छर्र्याविना चाप ओढू नका, पिस्टन आपटून सील जातं. आणि ड्राय फायरआधी नळी रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी बघा.