जंगलात चालणारा कोयता घडवायला शिकायचंय?

गडचिरोली-चंद्रपूरकडची पोरं विचारतात, "भाऊ, कोयत्याचं डिझाइन शिकायचं तर सुरुवात कुठून करू?" मी सांगतो, कागद-पेन्सिल घ्यायच्या आधी बांबू तोडणाऱ्यांसोबत दिवसभर रानात फिर.

तिथं कळतं, की रायमुनियाची चिवट झुडपं हलक्या, वेगानं फिरणाऱ्या पात्यानं साफ होतात, पण जाड बांबूला पुढं वजन लागतं. त्यात बांबूच्या सालीतली सिलिका धार लवकर खाते. दोन्ही कामं एकाच हत्यारानं करायची तर पातं ३० ते ३५ सेंमी ठेवा. पाठ (धारेच्या उलट बाजू) मुठीजवळ ५ मिमी जाड, टोकाकडं ३ मिमी, पुढचा भाग थोडा रुंद. सगळं मिळून वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मी ज्यांच्याकडे शिकलो ते लोहारकाका म्हणायचे, "वजन पुढं पायजे, पण मनगट दुखलं नाई पायजे."

पोकळ मूठ आणि पाठीवर करवतीचे दात, हे दोन्ही टाळाच. पोकळ मुठीत पातं खोलवर जात नाही, जोराच्या घावाला तिथंच तुटतं. दातांमुळे लाकूड फाडताना पाठीवर ठोकता येत नाही. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत न्या, दोन्ही बाजूंनी धावड्याच्या किंवा तिवसाच्या फळ्या रिव्हेटनं बसवा. मुठीचं मागचं टोक फुगीर ठेवा, म्हणजे घामेजल्या हातातून निसटणार नाही.

पोलाद भंगारातल्या ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं चालतं, फक्त तडा गेलेला तुकडा घेऊ नका. खरी परीक्षा पाणी देताना, म्हणजे तापवलेलं पोलाद बुडवून कडक करताना. पातं तापवत चुंबक लावून पाहायचं. चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवून कोमट तेलात बुडवायचं. या पोलादाला साध्या पाण्यात तडा जाऊ शकतो. नंतर धारेवर कानस घसरायला लागली, तर पातं कडक झालं. पण आता ते काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून घासून चकचकीत करायचं आणि पाठीकडून मंद ताप द्यायचा. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा रंग हळूहळू धारेकडं सरकतो. धारेवर तपकिरी-जांभळा दिसला (साधारण २७० ते २८० अंश), की लगेच ताप काढायचा. ही वेळ डोळ्यांना ओळखू यायला लागली, की तुम्ही कारागीर झालात असं मी मानतो.

आयटीआयचा फिटर ट्रेड केला असेल तर मोजमाप आणि कानस हातात बसलेली असते, पण हा रंग भात्याशेजारी बसूनच शिकता येतो.

कायदाही माहीत हवा. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, मात्र शेती आणि घरकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून तुमचा कोयता कामाचाच दिसू द्या आणि नेताना म्यानात ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. तेव्हा चाचणी गावातल्याच बांधावरच्या बांबूवर करा, मालकाला विचारून.