नोकरी गेल्यानंतरचे पहिले दिवस: या चुका टाळा

नोकरी गेली की सल्ले मिळतात ते बायोडेटाचे, लिंक्डइनचे, ओळखीपाळखीचे. तेही हवेतच. पण मुलाखत आठवड्यात एखादी येते, कधी तीही नाही. मधले तास कसे काढायचे याबद्दल कुणी बोलत नाही, आणि माणूस खचतो तो नेमका याच तासांत. पुण्यात आयटीतून, कारखान्यातून, जाहिरातीच्या ऑफिसांतून अचानक बाहेर पडलेली बरीच माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्याकडून वारंवार होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय इथे लिहिते आहे. माझं एक मत आधीच सांगते: सकाळचा निवांत चहा, टेकडी, गरम नाश्ता, दुपारचं पुस्तक या गोष्टी ‘नोकरी मिळाल्यावर बघू’ म्हणून बाजूला ठेवायच्या नसतात. हे दिवस त्यांच्याच आधाराने निघतात.

हिशेबाला न बसणं

पैशाची वही उघडायची भीती वाटते म्हणून ती उघडलीच जात नाही. मग पाव किलो पेरू घेतानाही पोटात कालवाकालव होते. पहिल्याच आठवड्यात एक संध्याकाळ काढा. घरभाडं किंवा हप्ता, शाळेची फी, किराणा, वीज, औषधं हे सगळं एका कागदावर मांडा आणि हाताशी असलेली रक्कम किती महिने पुरेल ते बघा. आकडा लहान निघाला तरी त्याची धास्ती अंधारातल्या धास्तीपेक्षा कमी असते. याच कागदावर दरमहा एक छोटी रक्कम ‘मौजेसाठी’ म्हणून लिहून टाका. तीनशे रुपये असोत की पाचशे. एकदा ती बाजूला काढली की ती खर्च करताना मन खात नाही.

येणं काय आहे तेही याच वेळी तपासा. सलग पाच वर्षं नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना कंपनीने द्यायच्या एकरकमी पैशांचा, हक्क आहे: सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. ही रक्कम 30 दिवसांत मिळायला हवी. शिल्लक रजेचे पैसे बाकी असतील तर ते लेखी मागा. पीएफला मात्र अगदी अडल्याशिवाय हात लावू नका. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो, आणि पैसे तिथेच राहिले तर त्यावर व्याज सुरू राहतं.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आधीपासूनच्या आजारांचा खर्च मिळण्याआधी जो काळ थांबावं लागतं, त्यातला जुन्या पॉलिसीत भरलेला काळ धरला जातो, पण त्यासाठी अर्ज वेळेत करावा लागतो. घरात मधुमेहाचं किंवा रक्तदाबाचं माणूस असेल तर हे काम उद्यावर टाकू नका.

घरी न सांगणं

डबा घेऊन, बॅग खांद्याला लावून रोजच्या वेळेला घराबाहेर पडणारे आणि दिवसभर बागेत, मॉलमध्ये, रेल्वे स्टेशनवर बसून संध्याकाळी परतणारे लोक आहेत. घरच्यांना त्रास नको, हा त्यामागचा हेतू मला समजतो. पण त्या माणसाला चहाचा एक घोटही सुखाने घेता येत नाही. बायको कधीतरी ऑफिसात फोन करते, शेजारी कुणीतरी बघतं, आणि नोकरी गेल्याच्या दुःखापेक्षा लपवल्याचं दुःख घरात जास्त दिवस राहतं. आई-वडील वयस्कर असतील तर बेताने सांगा, पण सांगा. मुलांनाही सांगा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला घरातलं वातावरण बदललेलं कळतंच. ‘बाबांची नोकरी गेली आहे, ते दुसरी शोधत आहेत, तुझी शाळा चालू राहणार आहे’ एवढं पुरतं.

मौज म्हणजे खर्च, असं धरून चालणं

पगार चालू असताना करमणूक म्हणजे मॉल, हॉटेल, मल्टिप्लेक्स अशी सवय लागलेली असते. तो रस्ता बंद झाला की सगळंच बंद झाल्यासारखं वाटतं. पण कामाच्या दिवसातली पुण्याची सकाळ नोकरदाराने कधी पाहिलेलीच नसते. पर्वतीच्या 103 पायऱ्या सकाळी आठनंतर चढून बघा. पहाटेची गर्दी ओसरलेली असते आणि वरून शहर मोकळं दिसतं. वेताळ टेकडीवर थोडं लवकर गेलात तर मोरांचा आवाज हमखास येतो, कधी मोर दिसतोही. पुणे नगर वाचन मंदिर 1848 सालापासून चालू आहे. अशा एखाद्या वाचनालयाची वर्गणी हॉटेलातल्या एका जेवणापेक्षा जास्त नसते. घराजवळचं कुठलंही वाचनालय चालेल. दुपारी तिथे पंख्याखाली पेपर वाचत बसलेले आजोबा तुम्हाला काहीही विचारत नाहीत, हा केवढा तरी दिलासा असतो.

मंडईत जा. महात्मा फुले मंडईची दगडी इमारत 1886 मध्ये उभी राहिली. तिच्या आसपास भाजीवाल्या मावशी वाटे मांडून बसतात. रविवारी धक्के खात केलेली खरेदी वेगळी आणि मंगळवारी सकाळी निवांत चार ठिकाणी भाव विचारत, कोथिंबिरीची जुडी उलटून बघत केलेली वेगळी. दोन-तीनदा गेलात की मावशी ओळखू लागतात, आणि कढीपत्त्याच्या दोन काड्या न मागता पिशवीत पडतात.

आणि घरी गरम खा. हिंजवडीची बस पकडायची म्हणून वर्षानुवर्षं उभ्याने ब्रेड खाल्लेला असतो. आता भाजणीचं थालीपीठ करा. भाजणीत बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, ओवा आणि मूठभर कोथिंबीर घालून पीठ सैलसर मळा. ओल्या फडक्यावर गोळा थापा, बोटाने मधे एक आणि भोवती चार भोकं पाडा, फडक्यासकट उचलून लोखंडी तव्यावर उलटं टाका आणि फडकं अलगद सोडवा. भोकांत तेलाचे थेंब सोडून झाकण ठेवा. पहिलं बहुधा फाटतं, त्याची काळजी नको. झाकण काढल्यावर कडा सुटून कुरकुरीत झालेल्या दिसल्या की उलटा. वर लोण्याचा गोळा ठेवून तव्यावरून थेट ताटात घ्या. एवढं झालं की साडेनऊच वाजलेले असतात आणि अर्ज भरायला सगळा दिवस बाकी असतो.

दिवसभर फोन हातात धरून बसणं

नोकरीच्या साइट दर दहा मिनिटांनी उघडल्याने कॉल लवकर येत नाही. शोधाला ठरावीक वेळ द्या, सकाळी दहा ते एक म्हणा, आणि त्या वेळात मनापासून काम करा: अर्ज, फोन, जुन्या सहकाऱ्यांना निरोप, एखादा अभ्यास. एकनंतर लॅपटॉप मिटा. भरतीवाल्यांचा फोन येऊ शकतो म्हणून मोबाइलचा आवाज चालू ठेवा, पण तो दुसऱ्या खोलीत असू द्या. दुपारचे दोन ते पाच सगळ्यात जड जातात. झोप अर्ध्या तासावर गेली तर रात्रीची उडते. त्या वेळेला हाताचं काम ठेवा: माळ्यावरचा पसारा, कुंड्यांची माती, बंद पडलेलं मिक्सर, मेथी निवडणं.

‘तू घरीच आहेस ना’ला नुसतं हो म्हणणं

बँकेत जाणं, गॅसवाल्याची वाट बघणं, आत्याला दवाखान्यात नेणं, सगळी कामं आपोआप तुमच्याकडे येतात. घरातला वाटा उचलायलाच हवा, आणि जोडीदार कमावत असेल तर थोडा जास्त उचला. पण दहा ते एक ही वेळ घरातल्यांना सांगून राखून ठेवा. बाईची नोकरी गेली असेल तर हे दुप्पट खरं आहे. ती घरी राहिली की आठवड्याभरात सगळं घर तिच्या गळ्यात पडतं आणि तिच्या शोधाला कुणी शोध मानत नाही. घरातल्या पुरुषांनी याकडे लक्ष द्यायला हवं.

लग्नकार्यात ‘सध्या काय चाललंय?’ असं कुणी विचारलं तर ‘कंपनीने माणसं कमी केली, त्यात माझीही नोकरी गेली. तुमच्याकडे कुठे जागा असेल तर कळवा’ असं सरळ सांगा. समारंभ टाळत राहिलात तर ओळखीही आटतात, आणि बऱ्याच नोकऱ्या ओळखीतूनच कळतात.

बेचवपणाला आळस समजणं

दोन आठवड्यांहून जास्त झोप येत नसेल, भूक मेली असेल, आवडती गाणीही नकोशी झाली असतील, तर टेकडी आणि थालीपीठ पुरे पडत नाही. सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर वाट बघू नका, आजच फोन करा आणि घरातल्या एकाला जवळ बसवून घ्या.

ऑफर आली की दुसऱ्याच दिवशी रुजू होणं

महिनोन्‌महिने वाट बघितल्यावर ‘उद्या येतो’ असं तोंडातून निघून जातं. बहुतेक ठिकाणी आठ-दहा दिवस मागितले तर मिळतात. या दिवसांत काळजी नसलेली सुट्टी मिळते, ती घ्या. गावी आईकडे जाऊन या. रुजू होण्याआधी जुना यूएएन, म्हणजे पीएफसाठीचा तुमचा कायमचा क्रमांक, नव्या कंपनीला कळवा, म्हणजे जुना पीएफ नव्या खात्यात वर्ग करता येईल.