गोटे दिसले की ‘समुद्राखालचा डेब्रिस फ्लो’ लिहू नका

बेळगावहून कलादगीचे खडक बघायला मुलांना घेऊन निघालं की लहानमोठ्या गोट्यांचा थर दिसताच कुणीतरी ओरडतंच, “सर, डेब्रिस फ्लो!” आणि वहीत लिहूनही मोकळं होतं. डेब्रिस फ्लो म्हणजे चिखल-दगडांचा दाट लगदा उतारावरून वाहत येणं.

मी आधी बघतो, गोटे एकमेकांना टेकलेत का? टेकलेले, फटींत वाळू, चपटे गोटे कौलांसारखे एकावर एक कललेले, तर ते वाहत्या पाण्याचं काम. डेब्रिस फ्लोमध्ये चिखलच गोट्यांना उचलून धरतो. वेग मंदावला की सगळा लगदा एकदम थिजतो. म्हणून धोंडे चिखलात अधांतरी, काही उभे, काहींची डोकी थराबाहेर.

माझा खरा राग मात्र पुढच्या चुकीवर आहे. पोत जुळला की ‘समुद्राखालचा’ हा शब्द मुलं फुकटात चिकटवतात. एका मुलाने जांबोटी रस्त्याच्या कटिंगवर अख्खा प्रोजेक्ट लिहिला: तांबड्या चिखलात जांभ्याचे अधांतरी धोंडे, प्राचीन समुद्रतळ वगैरे. मी जागेवर नेऊन चिखल उकरायला लावला. आत झाडाची मुळं आणि प्लॅस्टिकची पिशवी! पोत त्याने बरोबर वाचला होता, पण ती अलीकडची दरड होती. असा प्रवाह डोंगरउतारावरही येतो, त्यामुळे पाण्याचा पुरावा शेजारच्या थरांत शोधावा लागतो. वर-खाली खोल पाण्यातला शेल, म्हणजे बारीक चिखलाचा पापुद्र्यांचा खडक हवा. त्यात चिखल वाळून पडलेल्या भेगा किंवा लाटांच्या खुणा नकोत. माथ्यावर जाड वाळूकडून बारीक गाळाकडे जाणारा पट्टा असेल तर फारच उत्तम, कारण लगदा पाण्यात विरघळत गेला की त्याचा गढूळ, वेगवान प्रवाह होतो. १९२९ साली कॅनडाच्या किनाऱ्यापलीकडच्या ग्रँड बँक्सच्या भूकंपानंतर समुद्रतळावरची दरड अशीच गढूळ लोंढा होऊन धावली. समुद्रतळावरच्या तारायंत्राच्या केबल एकामागून एक तुटत गेल्या, शेवटची सुमारे १३ तासांनी.

हिमनदीचा गाळही असाच बेनिवड दिसतो; गोट्यांवर ओरखडे बघा. खात्री होईपर्यंत ‘डायमिक्टाइट’ लिहा, म्हणजे नुसता बेनिवड खडक, कसा बनला ते न सांगता; त्यात कमीपणा नाही.

हातोडा मारण्याआधी खडकावर पाणी ओता, पोत नीट दिसतो.

फोटो पाठवून नाव विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. थराचा तळ आणि माथा दोन्ही दिसतील अशी जागा शोधा, रेखाटन करा, मग या.