घरी औषध देताना या चुका टाळा

इंदूरच्या दवा बाजारात मिळतं ते औषध रामबागेतल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं. घोळ होतो तो घरी नेल्यावर. काउंटरवर त्याच त्या चुका बघून कंटाळलो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक चूक इन्सुलिनच्या सिरिंजची. बाटल्या दोन ताकदीच्या येतात: एका मिलीत ४० युनिट, नाहीतर १०० युनिट. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला नारिंगी. ओळखीच्या एका काकूंची साखर दवाखान्यातून घरी आल्यावर उतरेचना. डॉक्टरांनी डोस २० वरून ३० केला, तरी फरक नाही. मुलगा सिरिंज घ्यायला आला. "दादा, नारिंगीवाली द्या, तीच वापरतो." बाटली विचारली, तर ४० ची! नारिंगी सिरिंजवर ३० ची खूण म्हणजे ०.३ मिली, म्हणजे त्या बाटलीतले जेमतेम १२ युनिट. पण लाल सिरिंज नुसती हातात देणंही धोक्याचं होतं. त्याच रात्री पूर्ण ३० युनिट गेले असते आणि साखर धाडकन खाली आली असती. आधी डॉक्टरांना फोन लावायला लावला, डोस नव्याने ठरला, मग सिरिंज दिली. उलटी चूक याहून वाईट: १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, म्हणजे अडीचपट डोस.

तेव्हापासून बाटली किंवा तिचा फोटो बघितल्याशिवाय मी सिरिंज देत नाही. मागचे लोक खोळंबतात, खोळंबू देत. दुकानात नव्याने लागलेली पोरं "सब चलता है" म्हणत सिरिंज पुढे सरकवतात, त्याची मला मनापासून चीड येते.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप एक नाहीत. ड्रॉप्सच्या एका मिलीत बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असतं, सिरपच्या पाच मिलीत १२५ किंवा २५०. घरातला चमचा तर वापरूच नका.

संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. मी पाकिटावर वार लिहून देतो.

एसआर, ईआर (SR, ER) लिहिलेली गोळी, म्हणजे पोटात हळूहळू औषध सोडणारी, न विचारता कुटू नका.

आणि दवाखान्यातून सुट्टी झाली की जुन्या-नव्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून दुकानात आणा. ब्रँड वेगळे असले तरी खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं. तेच नाव दोन स्ट्रिपांवर निघालं, तर दोन्ही चालू ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा.