कड्यावर जाण्याआधी : अष्टमीची तयारी

मंडळी, समुद्रकाठच्या आपल्या कड्यावर जायचा दिवस ठरवताना मी रविवार पाहिला नाही, तिथी पाहिली. कार्तिक शुद्ध अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराला ओहोटी. शिवाय अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती, पाणी फार चढत नाही. पायथ्याशी दहा ते दोन काम होईल. तरीही निघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच, आणि समुद्राकडे तोंड करून बसणारा एक जण आत्ताच नेमून टाका. बाकीच्यांची नजर दगडातून निघणार नाही.

या खेपेला चढायचं नाही. चढाईचा मार्ग आखण्याआधी कड्यावर काय काय जगतंय, ते लिहून काढायचं आहे. रोप, हार्नेस, हेल्मेट यांची यादी तुम्हाला पाठ आहे. जास्तीची लागतील ती चार गोणपाटं. आपल्या कड्याचा माथा जांभ्याचा. करवतीने चिरा कापता येतो असल्या दगडात बोल्ट मारून त्यावर जीव टांगायचा नाही, त्यामुळे दोर मागच्या झाडांना बांधणार. झाडाच्या सालीवर एक गोणपाट, कड्याच्या धारेवर दुसरं. धारेवर बोटभर माती असते, त्यात पावसाळ्यात सीतेची आसवं आणि गेंद ही इवली फुलझाडं उगवतात. आता तिथे नुसतं वाळलं गवत दिसेल, पण बी त्याच मातीत आहे. दोर सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावरून, ओढत नेऊ नका. आपल्याकडच्या सड्यांवर कातळशिल्पं कुठे निघतील सांगता येत नाही, म्हणून आधी पायी फिरून जागा बघायची.

प्रत्येकाकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं, दोरीने गळ्यात अडकवलेलं. आणि पाण्याची फवारणीची बाटली, इस्त्रीला वापरतो तसली. ती कशाला, ते तिथे गेल्यावर कळेलच, तरी सांगतो. कड्यावरचे राखाडी, पांढरट डाग आपण दगडाचाच रंग समजतो. त्यातल्या एकावर फवारा मारा आणि भिंग लावून बघत राहा. मिनिटाभरात राखाडीतून हिरवं वर येतं. हे लायकेन. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. ऊन असेल तेव्हा सुकून पडायचं, ओल मिळाली की अन्न करायला लागायचं. गोड्या मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, पण ते पानासारखं सुटं असतं. कड्यावरचं बरंचसं खपलीसारखं, नखाने निघत नाही असं. वर्षाला मिलिमीटरभर वाढलं तरी पुष्कळ. म्हणजे तळहाताएवढा डाग आपल्यापैकी काहींहून वयाने मोठा असू शकतो.

म्हणूनच वायर ब्रश आणायचा नाही. नवा मार्ग काढताना दगड 'साफ' करायची आपल्याला सवय आहे, आणि चढाईत सगळ्यात जास्त नुकसान याच सफाईत होतं. मीही केलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कड्यावर दोन दिवस घासून एक मार्ग काढला. मागच्या उन्हाळ्यात तिथे गेलो, तर तो पट्टा लांबूनही ओळखू येत होता, काळ्या भिंतीवर कोणी पाटी पुसावी तसा. चॉकच्या पिशव्याही घरीच राहू देत. दमट हवेत आपले हात घामेजतात, मग आपण चॉक मुठीमुठीने वापरतो. पण ते मॅग्नेशियम कार्बोनेट दगडावर राहतं, आणि नेच्यांच्या व शेवाळाच्या रुजण्यावर त्याचा वाईट परिणाम होतो, असं स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात 2020 साली दिसलं. डोळ्यांना पांढरं दिसत नव्हतं अशा जागीही ते सापडलं.

मोजण्यासाठी वायरिंगच्या पांढऱ्या पाईपची अर्ध्या मीटरची चौकट मी करून आणतो. तुम्ही मोजपट्टी, पेन्सिल (शाईचं पेन खाऱ्या हवेत दगा देतं), उतार मोजायला मोबाइल आणि होकायंत्र आणा. चौकट नियोजित मार्गावर जितक्या वेळा लावू, तितक्याच वेळा शेजारी, जिथे कधीच चढणार नाही तिथेही लावायची. मात्र दोन्हीकडे उतार, दिशा आणि भेगा सारख्या हव्यात. यात हयगय नको. कॅनडातल्या नायगारा कड्यावर हजार वर्षांहून जुनी खुरटी झाडं सापडली. चढाईने तिथे किती नुकसान झालं हे मोजताना हाच पेच पडला, की गिर्यारोहक मुळातच उघडा, उभा दगड निवडतात. मग झाडं चढाईमुळे कमी, की आधीपासूनच कमी? आपण आधी मोजतोय, म्हणून आपल्याला उत्तर मिळायची आशा आहे.

जांभा संपून खाली मऊ मातकट थर लागतो, तिथे पाणी झिरपतं. हंसराज आणि बेगोनिया तिथेच असतील. त्या पट्ट्यात पाय ठेवायचा नाही, दोरावर लोंबकळतच फोटो काढायचे. नमुना म्हणून एक पानही तोडायचं नाही.

आग्या मोहोळ आहे का, ते आदल्या संध्याकाळी खालून दुर्बिणीने बघायचं. असेल तर बेत रद्द, यावर चर्चा नाही. जमीनमालकाला आणि ग्रामपंचायतीला मी कळवलंय. गावात गेल्यावर आधी त्यांना भेटू, मग कड्याकडे.

बूट आणि सॅक निघायच्या आदल्या दिवशी अंगणात झटकून घ्या, वेल्क्रोच्या पट्ट्या खासकरून. रानमोडी या उपद्रवी तणाचं बी तिथेच चिकटतं.