सतरा उद्दिष्टांपैकी आधी कोणते? लाभ-खर्चाचा हिशोब असा मांडा

संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे ठरवली, त्यांच्या पोटात 169 लक्ष्ये, मुदत 2030. भूक, शाळा, पाणी, हवामान, सगळेच महत्त्वाचे. पण पैसा मोजका असला की ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आधी होते. मुंबईतल्या एखाद्या कंपनीची सीएसआर समिती (सामाजिक कामांचा निधी वाटणारी) घ्या, नाहीतर गणेशोत्सव मंडळाची शिल्लक निधीवरची बैठक. आवाजाऐवजी आकडे बोलायला लावायचे, तर रीत अशी:

1. उद्दिष्ट नको, काम लिहा. ‘सर्वांना स्वच्छता’ याचा हिशोब होत नाही. ‘या वस्तीत दहा सीटचे शौचालय बांधायचे आणि दहा वर्षे चालवायचे’ याचा होतो.

2. खर्च पूर्ण धरा. बांधकामाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. सफाई, पाणी, वीज आणि दुरुस्ती मात्र कोणी विचारत नाही, आणि शौचालये बंद पडतात ती तिथेच.

3. लाभ पैशात आणा. लोक इथे अडतात, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेऊ. आकडे कल्पित आहेत.

समजा, गोवंडीच्या एका वस्तीत 200 बायकांची रोज 20 मिनिटे रांगेत जातात. नव्या शौचालयाने ती वाचली, तर रोज सुमारे 66 तास हाती आले. तासाला 50 रुपये धरले, तर वर्षाला साधारण 12 लाख. बांधकामाला 20 लाख, देखभालीला दरवर्षी 3 लाख. दहा वर्षांचा हिशोब 5 टक्के वटाव दराने (पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा दर, पाहा मुद्दा 4) केला, तर लाभ सुमारे 93 लाख, खर्च 43 लाख. म्हणजे रुपयामागे दोन रुपयांहून थोडे जास्त. हेच लाभ-खर्चाचे गुणोत्तर. आजारपण टळते आणि रात्रीची भीती कमी होते, ते यात धरलेले नाही, धरायला हवे.

एकच लाभ दोनदा मात्र मोजू नका. मेट्रोमुळे प्रवासाचा वेळ वाचला आणि स्टेशनजवळचे फ्लॅट महागले, अशी बेरीज करणारे सादरीकरण दिसले तर सावध व्हा. फ्लॅट महागले ते बहुतांशी वेळ वाचतो म्हणूनच.

4. वटाव दर ठरवा. पुढे मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत कमी असते. पण किती कमी? पन्नास वर्षांनी मिळणारे 100 रुपये 3 टक्क्यांनी आज सुमारे 23 रुपयांचे ठरतात, 5 टक्क्यांनी जेमतेम 9 रुपयांचे. कोपनहेगन कन्सेन्सस या प्रकल्पाने 2004 साली अर्थतज्ज्ञांकडून जागतिक कामांची क्रमवारी लावून घेतली. तीत एचआयव्ही-एड्स नियंत्रण वर आले आणि हवामानबदलाचे प्रस्ताव तळाला गेले. या क्रमवारीवर वाद झाला, त्याचे एक मूळ याच दरात होते. लस आज टोचली की लाभ लवकर दिसतो. कार्बन कमी केल्याचा लाभ नातवंडांना. म्हणून दोन दरांनी हिशोब करा आणि दोन्ही आकडे दाखवा.

5. गृहीतके हलवून बघा. वरच्या शौचालयात तासाची किंमत 50ऐवजी 25 रुपये धरा, गुणोत्तर 1च्या जरासे वर राहते. त्याच बरोबर वटाव दर 10 टक्के केला, तर ते 1च्या खालीच जाते. बाईच्या तासाला किती मोल द्यायचे, यावर अख्खा निकाल फिरतो. हा प्रश्न समितीने उघडपणे सोडवावा. तो एक्सेलच्या कोपऱ्यातल्या खान्यात दडवू नये.

6. मग तुलना करा, पण बेताने. 14 आणि 12 या गुणोत्तरांत फरक मानू नका, तेवढी चूक गृहीतकांतच असते. 15 आणि 2 मध्ये मात्र फरक आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यावर त्या घरांतले नवे क्षयरुग्ण 39 टक्क्यांनी घटल्याचे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. दाटीच्या वस्त्यांत क्षयरोग असलेल्या मुंबईत असे काम तपासायच्या यादीत वर असावे. झारखंडचा आकडा मात्र जसाच्या तसा उचलू नका. इथला शिधा, इथली घरे, इथली महागाई धरून खर्च पुन्हा काढा.

7. लाभ कोणाला, याचा वेगळा रकाना ठेवा. एकूण बेरजेत श्रीमंत कफ परेडचा रुपया आणि गरीब मानखुर्दचा रुपया सारखेच दिसतात. मानखुर्दच्या रुपयाला जास्त वजन द्यायचे असेल तर द्या, पण किती दिले ते गुणोत्तराशेजारी लिहा. ज्याला पटणार नाही, त्याला ते बदलून हिशोब पुन्हा करता येईल.