परिचारिकांच्या नैतिक शुश्रूषा-कौशल्याचे मोजमाप कसे करावे

मुंबईतील महापालिका रुग्णालयाच्या वॉर्डात असे मोजमाप करताना ‘मी रुग्णाचा आदर करते’ यासारखी विधाने टाळावीत, कारण त्यांना नकार देणारी परिचारिका सापडणारच नाही. शुश्रूषेच्या नीतिशास्त्रावर लिहिणाऱ्या अमेरिकी राजकीय तत्त्वज्ञ जोन ट्रॉन्टो यांनी १९९३ मध्ये मांडलेली चार अंगे, म्हणजे गरज ओळखणे, जबाबदारी स्वीकारणे, काम सक्षमतेने करणे आणि रुग्णाच्या प्रतिसादाकडे लक्ष देणे, आधाराला घ्यावीत आणि प्रत्येकासाठी डोळ्यांना दिसेल असे वर्तन लिहून काढावे. उदाहरणार्थ, कॅथेटर घालण्यापूर्वी सिस्टरने पडदा ओढला का, आपण काय करणार हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितले का, आणि ‘सिस्टर, जरा थांबा’ असे तो म्हणाला तेव्हा तिचा हात थांबला का?

एकाच प्रसंगाची नोंद दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे करावी व त्यांचे एकमत कोहेनच्या कप्पा गुणांकाने, म्हणजे योगायोगाने जुळलेल्या नोंदी वजा करून खरे एकमत किती हे सांगणाऱ्या आकड्याने, तपासावे. सोबत प्रश्नावली असल्यास क्रॉनबाखचा अल्फा हा गुणांक साधारणपणे ०.७० किंवा अधिक असावा. मात्र तो केवळ प्रश्नांची परस्परसंगती दाखवतो, नैतिकता नव्हे.

प्रश्नावली इन्चार्ज सिस्टरच्या हातून कधीही वाटू नये, कारण वरिष्ठांनी लिहायच्या गोपनीय अहवालाच्या धास्तीने उत्तरे गुळगुळीत होतात. प्रत्येक नोंदीवर पाळी आणि त्या वेळची रुग्णसंख्या अवश्य लिहावी, म्हणजे रात्रपाळीत एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरच्या माथी मनुष्यबळाच्या तुटवड्याचा दोष मारला जाणार नाही.